आधीचं बरं की आत्ताचं?

प्रिय भिंगरी,

अक्षर मोठं आहे म्हणून हसू नकोस. दुकानाच्या पाट्या लिहायचा मार्कर हाताशी आला. एका पानावर एवढंच मावतंय.

उद्या सकाळी डॉक्टरीणबाई राउंडला येतील आणि तुला घरी सोडतील. जावयांनी गाडी सांगून ठेवली आहे. तुझ्या आईने वरची खोली दोनदा पुसली. सगळे आनंदात आहेत आणि एक मीच आहे ज्याला तू उद्या घरी यायला नको आहेस. बापाने असं लिहावं का? लिहितोय. रागावू नकोस, फेकून देऊ नकोस, शेवटपर्यंत वाच. मधे कुणी बीपी मोजायला आलं तर गुपचूप हात पुढे कर आणि नंतर पुन्हा वाचायला घे.

आता अक्षर जरा आवरतं घेतो, नाहीतर दुकानातले सगळे कागद संपायचे. दुकान बंद आहे. भर दुपारी शटर खाली म्हणून लोक बाहेरून थापा मारून जातात. एक आजोबा तर फटीतून वाकून म्हणाले की माझा चष्मा तयार असेल तर तेवढा सरकवा. मी तपासायच्या खुर्चीत बसलोय, गिऱ्हाइकाच्या जागी. इतकी वर्षं दुकान चालवतोय पण या खुर्चीतून समोर काय दिसतं ते मी कधी पाहिलंच नव्हतं. समोर आपला अक्षरांचा तक्ता आहे, मागचा दिवा लावलेला, बाकी सगळा अंधार. माणूस इथे बसून घाबरत असेल.

वरून आपल्या बाळाचा, कोतवालसाहेबांचा, आवाज येतोय. जागं झालेलं दिसतंय. बाटलीचं दूध पितं, पण लगेच नाही. आधी तोंड इकडेतिकडे फिरवून शोधतं, सापडत नाही म्हटल्यावर कपाळाला आठ्या घालतं आणि मग नाइलाजाने बाटली धरतं. आठ्या थेट तुझ्या. तुझी आई म्हणते, हे असं तिला लिहू नका, ती तिकडे रडेल. पण मी आज काही लपवायचं नाही असं ठरवून बसलोय, कारण आपल्या घरात सध्या लपवालपवी फार झाली आहे.

तू बाळंत झालीस त्या दिवशी आपण सगळे सुटलो असं वाटलं होतं. शेवटच्या महिन्यात तुझं बीपी वर जात होतं, गोळी चालू होती, आणि जो तो सांगायचा की एकदा बाळ बाहेर आलं की सगळं आपोआप खाली येतं. बाळ आलं, धडधाकट आलं, आणि घरी आल्या आल्या बीपीचं मशीन कपाटात गेलं. कुणी ठेवलं कोण जाणे. कुणी काढलं मात्र नाही. मग तुझं डोकं दुखायला लागलं, तर जागरणं आहेत म्हणून तुझ्या आईने डोकं चेपून दिलं. अंगठी बोटात रुतली, तर जावई साबण लावून ती काढत बसले आणि तुम्ही दोघं खिदळत होतात, मी खालून ऐकत होतो. बरगडीखाली दुखतं म्हणालीस, तर बाळाला एकाच बाजूला घेऊन बसतेस म्हणून, असं मी ठोकून दिलं. प्रत्येक गोष्टीला आपल्याकडे उत्तर तयार होतं. एवढी हुशार माणसं एका घरात असू नयेत.

आणि मग तुझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. दुसऱ्या कुठल्याही घरात पोरीला नीट दिसेना म्हटल्यावर लोक घाबरून दवाखान्यात पळाले असते. आपल्या घरात कुणाला दिसेनासं झालं की माणूस जिना उतरून खाली दुकानात येतं. तू आलीस. बाळाला खांद्यावर टाकून आलीस आणि म्हणालीस की नंबर हललेला दिसतोय. मी हसलो. तूही हसलीस. बाळंतपणाच्या आगेमागे अंगात पाणी साठतं, बुबुळावरचा पडदा फुगतो, नंबर पुढेमागे होतो, म्हणून बाळंतिणीला काही महिने चष्मा बदलून द्यायचा नाही, हे मीच तुला शिकवलं होतं आणि तू कितीतरी बायकांना तेच सांगून परत पाठवलं होतंस. ते खोटं नाही. आजही खरंच आहे. पण त्या दिवशी ते तुला लागू नव्हतं आणि आपल्या धंद्यातल्या शहाणपणाने आपल्या दोघांनाही फसवलं.

तरी तू हट्टाने खुर्चीत बसलीस. बाळ मी गादीवर ठेवलं, तुझ्या नाकावर ट्रायल फ्रेम चढवली आणि काचा बदलत गेलो. जन्मभर लोकांना विचारतोय तेच विचारत गेलो, आधीचं बरं की आत्ताचं? तू म्हणालीस, “दोन्ही सारखंच, बाबा.” काच बदलली, तरी दोन्ही सारखंच. पुन्हा बदलली, पुन्हा तेच. कुठल्याच काचेने फरक पडत नाही म्हणजे दोष डोळ्यात नाही, दुसरीकडे आहे, हे नव्या उमेदवारालाही कळतं. मला कळेपर्यंत तुझी मान मागे गेली होती आणि हात ताठ झाले होते. ती फ्रेम तुझ्या नाकावर तशीच होती, तीही थडथड हलत होती. मी काय केलं माहीत आहे? मी तुझ्या नाकावरची फ्रेम काढून तिच्या डबीत ठेवली. डबी बंदही केली. शेजारच्या न्हाव्याने माझं ओरडणं ऐकलं आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस तसाच ठेवून तो धावत आला. तुला कुशीवर त्याने वळवलं, अ‍ॅम्ब्युलन्सला फोनही त्यानेच केला. परवा मी त्याचे आभार मानायला गेलो आणि नुसती दाढी करून घेऊन परत आलो.

नंतरचं तुला आठवत नसेल. आयसीयूच्या दाराबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत, त्यातल्या एकीवर मी आणि एकीवर जावई. त्या पोराने लिफ्ट दुरुस्तीच्या कामाचा, तेलाचे डाग पडलेला डगला कितीतरी वेळ अंगातून काढलाच नाही. कुणीही दार उघडलं की उठून उभा राहायचा, सफाईवाली आली तरी. एकदा मला म्हणाला, “मला बाळ एकट्याने नाही वाढवता येणार.” आणि मग लाजला. मी त्याला म्हणालो की तुला कोण एकट्याने वाढवायला सांगतंय, मी काय मेलोय का. तो हसला नाही. मीही हसलो नाही. मला त्या क्षणी खरंच वाटत होतं की तू जाणार. मी देवाशी बोललो नाही, मी त्या शिंच्या बीपीच्या आकड्याशी बोलत होतो. खाली ये रे बाबा, म्हणत होतो, खाली ये, तुझ्या पाया पडतो.

तू शुद्धीवर आलीस, पण तुला दिसत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की डोळे चांगले आहेत. मेंदूच्या मागच्या भागाला, जिथे दिसलेलं समजतं तिथे, या बीपीने सूज आली आहे. बीपी ताब्यात राहिलं तर बहुतेकांची नजर परत येते, कुणाची लवकर, कुणाची हळूहळू. आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे तरी हा धोका डोक्यावर असतो. पुन्हा आकडा उसळला, पुन्हा झटका आला, तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. मग त्या जे म्हणाल्या ते मी तुला जसंच्या तसं सांगतो. “मशीन आकडा सांगेल. पण डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे चमकतंय, हे तिनेच सांगायला हवं. तिने लपवलं तर आम्हाला काहीच दिसत नाही.”

त्यानंतर तुला वॉर्डात हलवलं आणि दुसऱ्याच दिवशी तू जाहीर केलंस की दिसायला लागलं. तुझ्या आईने सिस्टरना मिठी मारली. जावई बाहेर जाऊन रडून आले. मीही खूश झालो, का नाही होणार? पण मला आपली एक जुनी गोष्ट आठवत राहिली. ती आता सांगतो. अक्षर अजून थोडं लहान करतो, हात दुखायला लागलाय.

तुझ्या शाळेत डोळे तपासायला माणसं येणार होती. चष्मेवाल्याची पोरगी चष्मा लावते म्हणून मुलं चिडवतील, ही तुला धास्ती. तर तू काय केलंस, दुकानातला अख्खा तक्ता पाठ केलास. वरपासून खालपर्यंत, पाढे म्हणावेत तसा. मी तुला खुर्चीत बसवलं तर तू शेवटची बारीक ओळही घडाघडा म्हटलीस. मला शंका आली. मी तक्ता उलटा करून भिंतीला टांगला, कोरी पाठ तुझ्याकडे, आणि म्हटलं वाच. आणि तू वाचलंस. कोऱ्या पांढऱ्या पुठ्ठ्यावरून एकही अक्षर न चुकता वाचलंस. मी इतका हसलो की दारातलं गिऱ्हाईक आत यायला घाबरलं. तू मात्र हसली नाहीस, रडायला लागलीस, आणि तुझा पहिला चष्मा मी त्याच दिवशी बसवला. पुढे पुन्हा फसवू नयेस म्हणून मी पेन घेतलं आणि खालून दुसऱ्या ओळीतल्या ‘व’ला शेपूट काढून त्याचा ‘क’ करून टाकला. तू आठवड्याभरात तोही पाठ केलास. तक्ता अजून तोच आहे. मी आत्ता त्याच्याकडेच बघतोय. ‘म, स, क, र.’

आज सकाळी डॉक्टरीणबाई नेत्रविभागातून जे कार्ड घेऊन आल्या ते आपल्याच तक्त्याची छोटी छापील आवृत्ती होती. तुला माहीत होतं की सगळीकडे बहुतेक तेच एक वापरतात, आणि तू जुगार खेळलीस. एक डोळा झाकून म्हटलंस, दुसरा झाकून म्हटलंस. आवाज अगदी मोकळा. मी तुझ्या मागे उभा होतो, माझ्या नजरेपुढे ते कार्ड होतं. खालून दुसरी ओळ आली. कार्डावर ‘म, स, व, र’ छापलेलं होतं. तू म्हणालीस, “म, स, क, र.”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान, एखादं अक्षर इकडचं तिकडे होतं. त्यांना दोष देऊ नकोस. लेकराकडे जायला निघालेली आई कार्ड पाठ म्हणून दाखवते आहे असं कुणाच्या मनात येईल? मी मात्र कार्डावरचं ते अक्षर पुन्हा पाहिलं. कारण तो ‘क’ जगात एकाच तक्त्यावर आहे आणि तो आपल्या दुकानाच्या भिंतीवर आहे. तू कार्ड वाचत नव्हतीस. तू आपलं दुकान आठवत होतीस.

मग मला बाकीचंही दिसायला लागलं. परवा जावयांनी बाळाला आणलं तेव्हा तू त्याच्या तोंडावरून बोटं फिरवलीस, कपाळ, नाक, हनुवटी, आणि म्हणालीस किती गोड दिसतंय. तेव्हा तुझी मान त्याच्या टोपीच्याही पलीकडे वळलेली होती. पाण्याचा ग्लास तू घेत नाहीस, कुणी हातात देईपर्यंत थांबतेस. माणसं आली की त्यांच्या बोलण्याची वाट पाहतेस आणि मगच हसतेस. तुला आकार दिसत असतील, उजेड दिसत असेल, वाफ धरलेल्या काचेतून दिसावं तसं. आणि तेवढ्या भांडवलावर तू उद्या घरी येणार, आपला तो अरुंद जिना बाळाला कडेवर घेऊन चढणार, आणि डोकं ठणकायला लागलं की तेही लपवणार. कारण एकदा लपवलं की पुढचंही लपवावं लागतं. भिंगरी, मला याची भीती वाटते. नजरेची नाही. नजर आज ना उद्या येईल किंवा नाही येणार, मी तुला हाताला धरून दुकानात बसवीन, फ्रेमा तू बोटांनी ओळखतेस. पण पुन्हा तशी मान मागे गेली आणि या वेळी न्हावी शेजारी नसला तर मी काय करू? मला सांग, मी काय करू?

तू हे का करते आहेस ते मला माहीत आहे. सगळे बाहेर गेले होते आणि तू माझी बाही धरून म्हणालीस, “बाबा, मी इथेच राहिले तर ते मला विसरेल.” तेव्हा मी नुसती उशी सारखी करत बसलो. उत्तर आत्ता सुचतंय. अगं, एवढ्याशा बाळाला दिसतं तरी किती? हातभर. त्याच्या पलीकडे त्याला सगळं धूसर. तू त्याला जवळ घेतेस तेव्हा तुझ्या तोंडापर्यंत त्याची नजर कशीबशी पोचते, संपलं. या घडीला तुम्ही दोघं सारखेच आहात. ते तुला वासाने ओळखतं, आवाजाने ओळखतं, आणि तूही त्याला तशीच ओळखते आहेस. ते विसरणार नाही. आम्ही त्याला रोज घेऊन येऊ. जावयांनी कामावर बोलून ठेवलंय, ते भेटीच्या दोन्ही वेळांना आणतील. तुझी आई म्हणते की तुझा वापरलेला गाऊन घरी पाठवून दे, त्याच्या उशाशी ठेवू. विसरली तर गेलेली आई जाते, आणि तू जायला नकोस. असलेल्या आईला कुणी विसरत नाही.

मी सरळ जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगू शकलो असतो. सकाळी त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलोही होतो. पण मी चुगली केली तर तू उद्या राहशील, आणि परवा डोकं दुखलं तर मलाही सांगणार नाहीस. तू लहानपणापासून तशीच आहेस. मला तुला वॉर्डात अडकवून ठेवायचं नाहीये, मला तू खरं बोलायला हवी आहेस, कारण त्या बाईंनी सांगितल्याप्रमाणे तुझ्या जिभेशिवाय तुला वाचवणारं दुसरं काही नाही.

आता हे पत्र कशासाठी ते सांगतो. तुझी नजर तपासायला माझ्याकडे एकही तक्ता उरलेला नाही, सगळे तुला पाठ आहेत. म्हणून मी हा नवीन केला. पहिलं पान बोटाएवढ्या अक्षरांचं होतं, पुढे प्रत्येक पानावर अक्षर लहान केलं, आणि ही ओळ औषधाच्या बाटलीवर असते तेवढी बारीक आहे. काय लिहिलंय ते तुला आधी ठाऊक नव्हतं, कारण मलाच ठाऊक नव्हतं. जिथे तुला थांबावं लागलं तिथे बोट ठेव आणि सकाळी डॉक्टरीणबाईंना ते पान दाखव. पहिल्याच पानावर थांबली असशील, तर आता हे तुला सिस्टर वाचून दाखवत आहेत. मी पाकीट चिकटवलेलं नाही. त्यांना विनंती करून ठेवली आहे की तिने वाचायला दिलं तर शेवटपर्यंत वाचा, आणि न वाचताच उशीखाली सारलं तर राउंडच्या आधी तिच्याजवळ बसून मोठ्याने वाचा. सिस्टर, तुमचे फार उपकार आहेत. इथे जरा थांबा, तिला रडायचं असेल तर रडू द्या. भिंगरी, राउंडच्या वेळी मी तुझ्या पलंगाशी असेन, पण तू माझ्या आवाजाकडे तोंड करू नकोस, डॉक्टरीणबाईंच्या आवाजाकडे कर. त्या विचारायच्या आधी मीच विचारून ठेवतो. आधीचं बरं की आत्ताचं? दोन्ही सारखंच असेल तर दोन्ही सारखंच म्हण. या वेळी मी फ्रेम डबीत ठेवत बसणार नाही.

तुझाच, शटर खाली ओढून तुझ्या खुर्चीत बसलेला,
बाबा